कवटीतला दाब वाढतोय हे घरच्यांनी कसं ओळखावं

मेंदूच्या गाठी असलेल्या रुग्णांच्या वॉर्डात मी बरीच वर्षं परिचारिका म्हणून काम केलं. रुग्ण भरती झाला की त्याची माहिती लिहून घेणं माझ्याकडे असे. "त्रास कधीपासून आहे?" या प्रश्नाला बहुतेक नातेवाईक "चार-पाच दिवसांपासून" असंच म्हणत. थोडं थांबून, एकेक गोष्ट सुटी करून विचारलं की मग आठवायला लागायचं. दोन महिन्यांपासून सकाळी डोकं धरून बसायचे. मधेच उलटी व्हायची, पण पित्त असेल म्हणून सोडून दिलं. चष्म्याचा नंबर बदलून आणला, तरी अंधुक दिसतं म्हणायचे. हल्ली बोलणं कमी झालं होतं. या गोष्टी घरात सगळ्यांना माहीत असायच्या, फक्त कोणी त्या एका ओळीत मांडून पाहिलेल्या नसायच्या. तेवढं काम घरच्यांना जमावं, म्हणून हे लिहिते आहे. निदान डॉक्टरच करतील. पण पहाटे साडेपाचला रुग्ण कसा असतो हे डॉक्टरांना दिसत नाही, ते तुम्हाला दिसतं.

आधी दाब वाढतो म्हणजे काय होतं ते पाहू. मोठ्या माणसाची कवटी घट्ट झाकणाच्या डब्यासारखी असते, ती फुगत नाही. आत मेंदू, रक्त आणि मेंदूभोवतीचं पाणी अशा तीनच गोष्टी. हे पाणी एका वेळी साधारण १५० मिलिलिटर असतं, आणि दिवसभरात सुमारे ५०० मिलिलिटर नवीन तयार होऊन तेवढंच रक्तात शोषलं जातं. तिघांपैकी एकाची जागा वाढली तर दुसऱ्याला जागा सोडावी लागते, हे मन्रो आणि केली या दोन स्कॉटिश डॉक्टरांनी १७८३ आणि १८२४ मध्ये मांडलं आणि आजही न्यूरोसर्जरी याच तत्त्वावर चालते. गाठ वाढू लागली की सुरुवातीला थोडं पाणी खाली मणक्याकडे सरकतं, शिरांमधलं थोडं रक्त बाहेर जातं, आणि दाब फारसा वाढत नाही. ही सोय संपली की मात्र गाठ अगदी थोडी वाढली तरी दाब झपाट्याने चढतो. महिनोन्महिने धुसफुसणारा त्रास दोन दिवसांत एकदम हाताबाहेर का जातो, याचं कारण हे आहे. "कालपर्यंत चालत-बोलत होते हो" असं नातेवाईक म्हणतात ते खरंच असतं.

आडवं झोपलेल्या निरोगी मोठ्या माणसात हा दाब साधारण ७ ते १५ मिलिमीटर पारा एवढा असतो. २०-२२ च्या वर तो टिकून राहिला की उपचार लागतात. घरी हा दाब मोजायचं कोणतंही साधन नाही, हाताला लावायच्या बीपीच्या मशीनचा इथे उपयोग नाही. म्हणून लक्षणांवरच नजर ठेवायची.

गाठीचा आकार आणि दाब यांचं नातं सरळ नसतं, हेही लक्षात असू द्या. गाठ स्वतः जागा घेते, तिच्याभोवती मेंदूला सूज येते आणि काही वेळा ती पाण्याची वाट अडवते. पाण्याच्या वाटेवरची लहानशी गाठ काही दिवसांत माणसाला बेशुद्ध करू शकते. मेंदूच्या आवरणातून हळूहळू वाढणारी मेनिन्जिओमासारखी गाठ बरीच मोठी होईपर्यंत गप्प राहू शकते.

डोकेदुखी

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

दाबाची डोकेदुखी सकाळी जास्त असते असं सगळीकडे वाचायला मिळतं. त्याला कारण आहे. रात्रभर आडवं असल्याने डोक्यातलं रक्त शिरांतून खाली उतरायला उभं असताना मिळते तेवढी मदत मिळत नाही. झोपेत श्वास थोडा उथळ होतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड किंचित वाढतो, त्याने मेंदूच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि आधीच तुडुंब भरलेल्या कवटीत आणखी गर्दी होते. उठून बसल्यावर, चालू-फिरू लागल्यावर तास-दोन तासांत दुखणं ओसरतं. खोकताना, शिंकताना, शौचाला जोर करताना, चपला घालायला वाकताना ते एकदम उसळतं.

पण एवढ्यावर विसंबू नका. फोर्साइथ आणि पोझनर या डॉक्टरांनी १९९३ मध्ये मेंदूत गाठ असलेल्या १११ रुग्णांच्या डोकेदुखीचा अभ्यास प्रसिद्ध केला. डोकेदुखी असलेले रुग्ण साधारण निम्मेच होते, आणि त्यांतल्या बहुतेकांचं दुखणं ताणाच्या साध्या डोकेदुखीसारखं होतं. पुस्तकात असते तशी पहाटेची डोकेदुखी थोड्याच जणांना होती. उलट बाजूही तितकीच खरी आहे. सकाळी डोकं दुखणाऱ्या बहुसंख्य माणसांच्या मेंदूत गाठ नसते. अर्धशिशी, अपुरी झोप, घोरण्याचा आजार, रोज गोळ्या घेऊन जडलेली डोकेदुखी ही कारणं कितीतरी जास्त आढळतात.

मग पाहायचं काय? मी नातेवाइकांना दुखणं किती आहे याआधी काय बदललं ते विचारते. ज्या माणसाचं कधी डोकं दुखत नसे त्याला पन्नाशीनंतर ते नव्याने सुरू झालं का? अर्धशिशी जुनी आहे, पण या वेळची तऱ्हा वेगळी आहे का? आठवड्यातून एकदा दुखणारं आता रोज दुखतं का? आधी एका गोळीत थांबायचं, आता दोन घेऊनही पुरत नाही का? दुखण्याने झोपेतून जाग येते का? यातल्या एकाचंही उत्तर "हो" असेल तर डॉक्टरांकडे जायला तेवढं पुरेसं आहे. आणि ज्यांना आधी फुप्फुसाचा किंवा स्तनाचा कॅन्सर झालेला आहे त्यांनी कुठलीही नवी, टिकून राहणारी डोकेदुखी लगेच आपल्या डॉक्टरांच्या कानावर घालावी. हे कॅन्सर मेंदूत पसरू शकतात.

कुठे दुखतं यावरून गाठ कुठे आहे हे ठरवू नका. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही, दुखतात ती त्याची आवरणं आणि रक्तवाहिन्या. गाठ मागे असून कपाळ दुखू शकतं.

उलटी

दाबामुळे होणारी उलटी पोटाच्या उलटीहून वेगळी वागते. बहुतेकदा ती सकाळी, काही खाण्याआधीच होते. पुष्कळांना आधी मळमळत नाही, अचानक जोरात बाहेर पडते. तिचा खाण्याशी संबंध नसतो, सोबत जुलाब नसतात, ताप नसतो, पोट दुखत नाही. उलटी झाल्यावर डोकं थोडं हलकं वाटतं, म्हणून घरचे समजतात की पित्तच होतं, निघून गेलं. मला तळमळून सांगावंसं वाटतं ते याच बाबतीत. "उलटी झाली की बरं वाटतं" हे वाक्य पित्ताचा पुरावा मानू नका, अर्धशिशीत आणि डोक्यातल्या दाबातही तसंच होतं. पोटाचं औषध दोन आठवडे घेऊनही सकाळची उलटी चालू असेल, तर "याचं कारण डोक्यात तर नाही ना?" असं डॉक्टरांना उघड विचारा. विचारल्याने कोणी रागावत नाही, आणि रागावलं तरी विचारा.

डोळे

डोळ्याच्या मागची नस सरळ मेंदूतून येते आणि मेंदूभोवतीचं पाणी तिच्याही भोवती असतं. कवटीत दाब वाढला की तिचं डोळ्यातलं टोक सुजतं. हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ मध्ये डोळ्याच्या आत पाहायचं यंत्र बनवलं आणि दहा वर्षांच्या आत फॉन ग्रेफ यांनी या सुजेचा आणि मेंदूतल्या गाठींचा संबंध दाखवून दिला. तेव्हा कवटी न उघडता दाबाचा सुगावा देणारी हीच एक खिडकी होती, आणि आजही डोळ्यांचे डॉक्टर दोन मिनिटांत तिच्यातून पाहू शकतात.

अडचण अशी की सुरुवातीला नजर चांगली असते. अक्षरांच्या तक्त्यावरची शेवटची ओळसुद्धा वाचता येते. रुग्णाची तक्रार वेगळीच असते: वाकून उठलं की किंवा अंथरुणातून उभं राहिलं की काही सेकंद डोळ्यांपुढे अंधारी किंवा राखाडी पडदा येतो आणि जातो. कधी एका डोळ्याला, कधी दोन्हींना. लोक याला अशक्तपणा म्हणतात, बीपी कमी झालं असेल म्हणतात. उभं राहताना चक्कर येऊन अंधारी आली तर तसं असूही शकतं. पण चक्कर नाही, फक्त नजर जाते आणि येते, आणि सोबत डोकेदुखी आहे, तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. तिथे नुसता नंबर तपासून परत येऊ नका. "बाहुली मोठी करायचं औषध घालून पडदा आणि नस पाहा" असं स्पष्ट म्हणा. ही सूज बराच काळ राहिली तर नस वाळते आणि गेलेली नजर परत येत नाही. गाठ काढून जीव वाचला पण दृष्टी गेली, असे रुग्ण मी पाहिले आहेत, आणि ते दुःख टाळता येण्यासारखं असतं.

नस सुजलेली नाही म्हणजे दाब नाही, असं मात्र म्हणता येत नाही. सूज यायला वेळ लागतो, आणि काहींना, विशेषतः वयस्करांना, ती येतच नाही.

दुसरं लक्षण दोन-दोन दिसण्याचं. डोळा बाहेरच्या बाजूला वळवणारी सहावी नस वाढलेल्या दाबाने ताणली जाते. मग एका वस्तूच्या दोन प्रतिमा शेजारी-शेजारी दिसतात. लांबच्या वस्तूंना हे जास्त जाणवतं, हातातल्या पुस्तकाला कमी. घरी करायची एक साधी चाचणी: एक डोळा झाका. एकाच डोळ्याने पाहिल्यावर दोनाचं एक झालं, तर दोन्ही डोळ्यांची जुळणी बिघडली आहे, आणि नव्याने असं झालं असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायला हवं. झाकूनही दोनच दिसत असेल तर बहुधा दोष त्या डोळ्यातच आहे. लहान मूल "दोन दिसतात" असं सांगत नाही. ते मान तिरकी करून टीव्ही पाहतं, एक डोळा मिटतं, किंवा अचानक तिरळं दिसू लागतं.

स्वभाव आणि झोप

हे सर्वांत उशिरा लक्षात येतं, कारण इथे दुखत काहीच नाही. माणूस मंदावतो. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर येतं, पण थांबून. दुपारी झोपायची सवय नसलेला माणूस दिवसभर पेंगतो. ज्याला हिशोब तोंडपाठ असायचे तो सुटे पैसे मोजताना अडखळतो. आवडीच्या गोष्टींतला रस जातो, आंघोळीचा, कपड्यांचा कंटाळा येतो. घरचे म्हणतात मन खचलंय, वय झालंय. वयाचा मुद्दा तर फसवा आहे. वयानुसार मेंदू थोडा आकसलेला असतो, त्यामुळे कवटीत मोकळी जागा जास्त असते. म्हातारपणी डोकेदुखी आणि उलटीशिवाय गाठ मोठी होऊ शकते आणि पहिलं लक्षण विसरभोळेपणा किंवा तोल जाणं हेच असतं. काही आठवड्यांत झालेला बदल वयाच्या माथी मारू नका. वय एवढ्या घाईने येत नाही.

यासोबत एका हाता-पायाची ताकद कमी होणं, शब्द न सापडणं, चालताना एकाच बाजूला धडकणं किंवा आयुष्यात पहिल्यांदा फिट येणं असेल, तर ही लक्षणं गाठ ज्या जागी आहे त्या जागेची असू शकतात. पहिली फिट आली तर ती थांबल्यावर बरं वाटलं तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं.

लहान मुलं

तान्ह्या बाळाच्या कवटीची हाडं अजून जुळलेली नसतात, त्यामुळे दाब वाढला की डोकंच वाढतं. टाळू पाहताना बाळ शांत आणि उभं धरलेलं असावं. रडताना टाळू सगळ्याच बाळांचा फुगतो. शांत बाळाचा टाळू ताठ आणि वर आलेला लागला, डोक्याचा घेर वाढीच्या तक्त्यावरची आपली रेष सोडून वर चालला, डोक्यावरच्या शिरा ठळक दिसू लागल्या, किंवा बुबुळं खाली झुकून वर पांढरं दिसू लागलं तर थांबू नका. साधारण दीड वर्षापर्यंत टाळू भरतो, त्यानंतर ही खूण मिळत नाही.

मोठ्या मुलांमधल्या पुष्कळ गाठी मेंदूच्या मागच्या, खालच्या भागात असतात. तिथून पाण्याची वाट जाते आणि उलटीचं केंद्रही तिथेच आहे. म्हणून सकाळी उलटी, मग शाळेला दांडी, दुपारी मूल खेळायला तयार, असा क्रम दिसतो आणि मुलावर शाळा चुकवायचा आळ येतो. त्याची चाल पाहा. पाय फाकून चालतं का, जिना उतरताना कठडा पकडू लागलं का, अक्षर बिघडलं का, मान एका बाजूला धरतं का. ब्रिटनमध्ये २०११ पासून हेडस्मार्ट नावाची मोहीम याच जाणिवेसाठी चालवली गेली. तिचा पालकांना उपयोगी पडेल असा भाग सोपा आहे: कारण न सापडलेली उलटी २ आठवडे किंवा डोकेदुखी ४ आठवडे टिकली तर मेंदूच्या स्कॅनचा विचार व्हायला हवा. दोन लक्षणं एकत्र असतील तर एवढंही थांबू नये.

नोंद कशी ठेवायची

वही घ्या किंवा फोनवर लिहा. तारीख, डोकेदुखी सुरू झाल्याची वेळ, तेव्हा माणूस आडवा होता की उभा, किती वेळाने ओसरली, कोणती गोळी किती घेतली, उलटी झाली का आणि खाण्याआधी की नंतर. शेवटी एक ओळ, आज काय वेगळं वाटलं. आठवडाभराची अशी नोंद डॉक्टरांना पाच मिनिटांत जे दाखवते ते "फार त्रास होतो" या वाक्यातून कधीच कळत नाही. मात्र नोंद पूर्ण करायची म्हणून आठवडाभर वाट पाहत बसू नका. लक्षणं वाढत असतील तर दोन दिवसांची नोंद घेऊन जा. जुने फोटोही न्या. डोळा आधीपासून तिरका होता की आता झाला, दोन बाहुल्यांमध्ये थोडा फरक जन्मापासूनचा आहे का, हे फोटोत दिसतं.

लगेच निघायचं कधी

हाक मारून, हलवूनही माणूस नीट जागा होत नसेल. तीव्र डोकेदुखीसोबत उलट्यांवर उलट्या होत असतील. बोलणं असंबद्ध झालं असेल. एक बाहुली नव्याने मोठी झाली असेल आणि टॉर्चच्या उजेडाला आकसत नसेल. फिट ५ मिनिटांत थांबली नसेल. श्वास अनियमित, थांबून-थांबून येत असेल. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हार्वी कुशिंग यांनी दाखवून दिलं की कवटीतला दाब फार वाढला की रक्तदाब चढतो, नाडी मंदावते आणि श्वास बिघडतो. वॉर्डात हे दिसलं की आम्ही धावत सुटतो, कारण ही फार उशिराची खूण आहे. घरी नाडी मोजत ती येण्याची वाट पाहायची नाही.

रुग्णवाहिका बोलवा. तोवर रुग्ण शुद्धीत असेल तर डोक्याकडची बाजू उंच करून साधारण ३० अंशांवर टेकवा, मान सरळ ठेवा. उशीवर मान वाकडी झाली तर शिरा दबतात आणि दाब आणखी वाढतो. गुंगीत असेल किंवा उलटी होत असेल तर कुशीवर वळवा, त्या वेळी श्वासाची वाट मोकळी राहणं सर्वांत महत्त्वाचं. तोंडाने पाणी, औषध काही देऊ नका. झोपेची गोळी तर मुळीच नको, आणि "झोपू दे, उठल्यावर बरं वाटेल" हेही नको. रुग्णाने स्वतः गाडी चालवत जायचं नाही.

रुग्णालयात गेल्यावर

तातडीत बहुधा आधी सीटी स्कॅन होतो, कारण तो काही मिनिटांत उरकतो. गाठीचा नीट तपशील शिरेतून औषध देऊन केलेल्या एमआरआयमध्ये कळतो. दाबाची शंका असताना स्कॅनआधी पाठीतून पाणी काढत नाहीत. वरचा दाब तसाच राहून खालचा एकदम कमी झाला तर मेंदू खाली सरकू शकतो. गाठीभोवतीची सूज उतरवायला डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड देतात. १९६१ मध्ये गॅलिसिच आणि फ्रेंच यांनी त्याचा हा उपयोग दाखवला, आणि एक-दोन दिवसांत डोकं दुखायचं थांबून रुग्ण गप्पा मारू लागतो हे मी अनेकदा पाहिलं आहे. तेवढ्यावर घरी जायची घाई करू नका, सूज उतरली तरी गाठ तिथेच आहे. ही गोळी स्वतःहून सुरू करू नका आणि चालू असलेली अचानक बंद करू नका. लिम्फोमा या गाठीची शंका असेल तर डॉक्टर तुकडा तपासेपर्यंत ती मुद्दाम टाळतात, कारण तिने गाठ तात्पुरती विरघळून निदान हुकतं.

स्कॅनमध्ये गाठ सापडली नाही आणि नस मात्र सुजलेली आहे, तर तपास तिथे संपत नाही. मेंदूच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली की असंच होतं. गाठीशिवाय दाब वाढण्याचा आणखी एक आजार आहे, तो विशेषतः वजन जास्त असलेल्या तरुण स्त्रियांमध्ये दिसतो. त्यातही नजर जाऊ शकते. शिरांचा वेगळा स्कॅन झाला का, ते विचारा.

ज्यांना मेंदूभोवतीचं जास्तीचं पाणी वळवण्यासाठी शंट, म्हणजे एक बारीक नळी, बसवला आहे त्यांच्या घरच्यांनी पहिल्या वेळी लक्षणं कोणत्या क्रमाने आली ते लिहून ठेवावं. शंट तुंबला की बऱ्याचदा तीच लक्षणं परत येतात. तातडीच्या विभागात पोचल्यावर बाकी काही सांगण्याआधी "यांच्या डोक्यात शंट आहे" हे सांगा, आणि शंट कधी, कुठे बसवला त्याचा कागद फोनमध्ये फोटो काढून जवळ ठेवा.